लिहिण्याचं सामान कसं पारखावं? (दासबोध, दशक १९, समास १)



आजचा पाठ दासबोधाच्या १९व्या दशकातला पहिला समास, लेखनक्रियानिरूपण. नित्यपाठात हा समास आला की बरेच जण भराभर पुढे जातात. ब्रह्म, माया, विवेक यांची चर्चा सोडून समर्थ इथे कागद, बोरू, शाई, सुऱ्या, कातऱ्या यांच्याबद्दल बोलतात. आपल्याला काय करायचंय बोरूचं? पण आपल्यापैकी काही जणांच्या मनात सध्या जो प्रश्न घोळतोय, त्याचं उत्तर याच समासात आहे. प्रश्न असा: ग्रंथ वाचायला आणि हाताने टिपणं काढायला मोठ्या पडद्याचा ई-रीडर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? किंमत अनेकांच्या महिन्याच्या पगाराएवढी असते, त्यामुळे प्रश्न हलका नाही.

आधी समासाचा भावार्थ पाहू. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. पहिलं अक्षर जसं, तसंच ग्रंथ संपेपर्यंत दिसावं. एका ओळीची वेलांटी किंवा मात्रा दुसऱ्या ओळीला लागू नये. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. घट्ट कागद आणावेत, बोरू देशोदेशीचे पारखून घ्यावेत. आणि तयार झालेलं पुस्तक मेणकापडात, कुलपाच्या पेटीत जपावं.

एकेक सूचना घेऊन आपल्या प्रश्नाकडे येऊ.

१. बारीक अक्षर कामा नये

दासबोध तुम्ही कोणत्या रूपात वाचता, हे आधी ठरवा. टाइप केलेलं ई-पुस्तक असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ओळी आपोआप जुळतात. त्याला ६ इंची छोटं यंत्रही पुरतं. पण आपल्याकडच्या सार्थ आवृत्त्या, जुन्या प्रती बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतात. तिथे पान म्हणजे फोटो. पडदा लहान तर पान लहान, अक्षरही लहान.

हिशोब करून बघा. नेहमीच्या डेमी आकाराच्या ग्रंथाचं पान साधारण १४ सेंमी रुंद आणि २१.५ सेंमी उंच असतं. ६ इंची पडदा असतो सुमारे ९ बाय १२ सेंमी. पूर्ण पान त्यात बसवलं तर अक्षर जवळजवळ निम्म्यावर येतं. १०.३ इंची पडदा असतो साधारण १५.७ बाय २१ सेंमी, म्हणजे ए-५ कागदाएवढा. ग्रंथाचं पान त्यात जवळपास मूळ आकारात दिसतं. १३.३ इंची पडदा ए-४ च्या जवळ जातो. मोठ्या पोथ्या किंवा कॉलेजचे शोधनिबंध वाचणाऱ्यांना तो बरा, पण प्रवासात नेायला अवघड.

हे नुसतं डोळ्यांच्या आरामापुरतं नाही. जुन्या मराठीत अनुस्वार अर्थ सांगतो. ‘देवें’ म्हणजे देवाने, ‘घरीं’ म्हणजे घरात. पान बारीक झालं आणि तो ठिपका पुसट झाला, तर कर्ता कोण हेच कळत नाही आणि चुकीचा अर्थ मनात बसतो. म्हणून पडद्याची घनताही पाहा. रिमार्केबल २ चा पडदा २२६ पीपीआयचा आहे, किंडल स्क्राइबचा ३००. जोडाक्षरं आणि अनुस्वार यांच्यासाठी जास्त घनता चांगली. रंगीत ई-पेपरच्या काही पडद्यांवर काळं-पांढरं ३०० असलं तरी रंगीत मजकूर १५० वर येतो, आणि पार्श्वभूमी थोडी करडी दिसते. रंग फारसा लागत नसेल तर साधा काळा-पांढरा पडदा घ्या.

२. भोवती जागा सोडावी

गंमत बघा, मराठीत ‘समास’ म्हणजे दासबोधाचा अध्याय आणि ‘समास’ म्हणजे पानाच्या कडेची कोरी जागासुद्धा! आपलं टिपण या दुसऱ्या समासात होतं. त्यामुळे विकत घेण्याआधी विचारा: पीडीएफच्या पानावर थेट लिहिता येतं का? ई-पुस्तकावर येतं का? काही यंत्रांवर पहिलं जमतं, पण ई-पुस्तकात लिहायला वेगळी चिठ्ठी उघडावी लागते. पान कडेला सरकवून लिहायला जागा वाढवता येते का, हेही पाहा.

‘हस्ताक्षराचं टाइपमध्ये रूपांतर’ अशी जाहिरात असते. भाषांच्या यादीत मराठी आहे का, हे आधी तपासा. नसेल तर तुमची टिपणं चित्रासारखी राहतील, त्यांत शब्द शोधता येणार नाही. मग प्रत्येक टिपणाला दशक-समासाचा आकडा घालायची सवय लावा, उदाहरणार्थ १९-१. वहीतसुद्धा आपण हेच करतो.

३. बोरू पारखून घ्यावा

बऱ्याच यंत्रांचं पेन चार्ज करावं लागत नाही, ही मोठी सोय. पण खरखरीत पडद्यावर पेनाचं टोक झिजतं आणि बदलावं लागतं. टोकांचा डबा वर्षभरात कितीला पडेल, भारतात मिळतो का, हे बघून घ्या. बोरू तासावा लागायचा, तसंच हे.

४. बसायची जागा बघून निवडा

ही सूचना समासात नाही, आपल्या दिनक्रमातून आली आहे. दौंडहून पुण्याला रोज रेल्वेने जाणाऱ्यांना सुमारे ७५ किलोमीटरचा प्रवास मिळतो. दौंडला किंवा केडगावला बसायला जागा मिळाली तर मांडीवर १०.३ इंची यंत्र घेऊन एक समास वाचून टिपणही होतं. कव्हर सोडून त्याचं वजन साधारण ४०० ग्रॅम भरतं. पण उभ्याने जायचं असेल तर एका हातात ते धरून दुसऱ्या हाताने लिहिणं होत नाही. पहाटेची गाडी असेल तर पडद्याला स्वतःचा उजेड हवाच. रिमार्केबल २ ला तो नाही.

शिरूरला रेल्वे नाही. शिरूरहून रांजणगावच्या एमआयडीसीत किंवा पुढे वाघोलीकडे बसने जाणाऱ्यांना गाडीत लिहिणं जमणार नाही, अक्षर नुसतं उडतं. त्यांनी प्रवासात ऐकावं किंवा फोनवर दोन ओव्या वाचाव्यात, आणि यंत्र घ्यायचंच तर घरच्या टेबलाचा विचार करून घ्यावं. मग वजन थोडं जास्त असलं तरी बिघडत नाही.

आणखी एक. अशी यंत्रं बहुतेक जण ऑनलाइन मागवतात, दुकानात हाताळायला मिळणं कठीण. म्हणून परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे आणि वॉरंटी भारतात चालते का, हे लेखी बघा. बाहेरून आणलेल्या वस्तूला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही.

५. पेटीत जपावं

कल्याणस्वामींसारख्या शिष्यांनी हाताने ग्रंथ लिहिले, पुढच्यांनी ते मठांत आणि घरांत जपले, आणि नंतर शंकर श्रीकृष्ण देव यांच्यासारख्यांनी गावोगाव फिरून ती बाडं धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात गोळा केली. म्हणून आज आपल्याकडे पाठ आहे. मेणकापड आणि पेटी हा त्या साखळीतला साधा पण आवश्यक दुवा होता.

आपल्या टिपणांची पेटी कोणती? यंत्राची बॅटरी काही वर्षांनी थकेल, कंपनीची सेवाही बंद होऊ शकते. काही कंपन्या क्लाउडच्या काही सोयींसाठी वर्गणी घेतात. तेव्हा सगळी टिपणं साध्या पीडीएफमध्ये बाहेर काढता येतात का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा. येत असतील तर दर एकादशीला एक प्रत कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवा. येत नसतील तर ते यंत्र कितीही देखणं असो, सोडून द्या. २० दशकं, २०० समास वाचताना काढलेली टिपणं दुसऱ्याच्या कुलपात अडकायला नकोत.

आजचा अभ्यास

पैसे खर्च करण्याआधी हे करा. तुमच्या पीडीएफमधली कुठलीही ११ पानं जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ए-५ आकारात छापून घ्या. १०.३ इंची पडद्यावर पान साधारण एवढंच दिसेल. रोज एक पान, जिथे वाचणार आहात त्याच जागी बसून वाचा आणि कडेला पेनने टिपण काढा. ११ दिवसांनी बघा: अनुस्वार नीट दिसले का? कडेची जागा पुरली का? आणि मुख्य म्हणजे, किती दिवस खरंच लिहिलं?

११ पैकी ८-९ दिवस लिहिलं असेल तर यंत्राचा तुम्हाला उपयोग होईल, खुशाल घ्या. दोन-तीनच दिवस झालं असेल तर सध्या ४० रुपयांची वही आणि घरातला छापील दासबोध घेऊन बसा. नेम बसला की यंत्राचा विचार पुन्हा करता येईल.

उद्याचा पाठ: दशक १९, समास २.