सही केली म्हणून गप्प बसू नकोस

सातारा,
१० नोव्हेंबर २०२५

चि. मधुरास,


फ्लॅटसाठी कर्ज मागितलंत चाळीस लाख आणि खात्यावर चढले साडेएकेचाळीस, हे तू फोनवर म्हणालीस तेव्हाच ओळखलं, वरचे दीड लाख विम्याचे. जावईबापूंचं म्हणणं, सह्या आपणच केल्यात, आता बोलून उपयोग काय? उपयोग आहे. माझी नोकरी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला झाली, म्हणून सांगते. सही हा एक पुरावा. ती घेताना तुम्हाला काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, हा दुसरा.

आधी हिशेब बघ. दीड लाखांचा प्रीमियम कर्जातच मिळवला, म्हणजे त्यावर व्याजही आलं. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांत महिन्याला सुमारे १,३५० रुपये, एकूण सव्वातीन लाखांच्या आसपास. आता विम्याचं सर्टिफिकेट उघड. विमा किती वर्षांचा आहे? कर्ज वीस वर्षांचं आणि संरक्षण पाचच वर्षांचं, असंही असतं. आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरं कुणी भरली? जावईबापूंना बीपीची गोळी चालू आहे. तिथे ‘नाही’ लिहिलं असेल, तर उद्या गरजेच्या वेळी दावा अडेल. हप्त्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

पॉलिसी ईमेलवर येऊन तीन आठवडे झाले म्हणालीस. २०२४च्या नियमांनुसार पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. याला ‘फ्री-लुक’ म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांकाचा खर्च कापून बाकी रक्कम परत मिळते. ती कर्जखात्यात जमा करून मुद्दल कमी करा, असं अर्जातच लिही. मात्र विमाच नको, असं नाही. घर दोघांच्या पगारावर उभं आहे. साधा टर्म प्लॅन कुठे किती पडतो, याची चौकशी आजच सुरू कर.

तीस दिवस उलटले असते, तरीही दार बंद होत नाही. ‘विम्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही’ असं तुम्हाला सांगितलं होतं ना? कर्जासोबत त्यांचाच विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. असं सांगणाऱ्या अधिकाऱ्याचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप पुसू नकोस. मंजुरीपत्र आणि ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ शोधून ठेव. १ ऑक्टोबर २०२४पासूनच्या नव्या कर्जांना हे पत्रक सक्तीचं आहे. विम्याची रक्कम त्यात दाखवावी लागते, आणि त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

तक्रार फोनवर करू नकोस, लेखी कर. एक विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, एक बँकेला. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे जायचं. पुण्यात कार्यालय आहे. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंत भरपाईचा निवाडा ते देऊ शकतात. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहेच. ‘कमिशन द्या, पैसे काढून देतो’ म्हणणाऱ्यांना मात्र दारातूनच परत पाठव.

एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडणार, असं वाटेल. पण ब्रिटनमध्ये कर्जासोबत असाच विमा लाखो लोकांच्या गळ्यात मारला होता. तिथल्या प्लेव्हिन खटल्यातल्या बाईंनी ३४,००० पौंडांचं कर्ज घेतलं. त्यावर ५,७८० पौंडांचा प्रीमियम चढला. कर्ज दहा वर्षांचं, विमा पाचच वर्षांचा. प्रीमियमपैकी ७१.८ टक्के निव्वळ कमिशन होतं, आणि ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सह्या त्यांच्याही होत्या. तरी २०१४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही लपवाछपवी अन्यायाची ठरवली. २९ ऑगस्ट २०१९ ही अशा विम्याचे पैसे परत मागायची शेवटची तारीख होती. बँकांना एकूण ३८ अब्ज पौंडांहून अधिक परत द्यावे लागले. मागणाऱ्यांपैकी अनेकांना मिळाले. ‘बघू पुढे’ म्हणत तारीख चुकवणाऱ्यांचा तो रस्ता बंद झाला.

शाखेत काउंटरवर बसणाऱ्या मुलीवर आवाज चढवू नकोस. तिच्या डोक्यावर टार्गेट असतं, आणि आरडाओरड्याची नोंद कुठेच होत नाही. फ्री-लुकचा अर्ज उद्याच पाठव आणि पोच घे. तक्रारीचा मसुदा शनिवारपर्यंत मला दाखव. त्यात ‘फसवणूक’, ‘लुबाडणूक’ असले शब्द नकोत. तारीख, रक्कम, कोण काय म्हणालं आणि तुला काय हवं, एवढंच एका पानात बसव.

तुझी,
आत्या