कागदपत्रांची पीडीएफ लहान करताना घ्यावयाची काळजी

योजनेच्या ऑनलाइन अर्जास सातबारा, आधार व बँक पासबुक जोडताना फाईल पुष्कळदा मर्यादेपेक्षा मोठी भरते. स्कॅन ३०० ऐवजी १५० डीपीआयवर केल्यास चित्रबिंदू एक चतुर्थांश होतात व फाईल हलकी होते.

तयार फाईल लहान करण्यासाठी ती अनोळखी संकेतस्थळावर पाठवू नये. ब्राउझरमध्ये, आपल्याच फोनवर काम करणारे साधन निवडावे. त्याची पारख सोपी आहे : पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून फाईल निवडावी. काम झाले तर फाईल बाहेर गेलेली नाही. ती साठवून पान बंद करावे, मगच इंटरनेट सुरू करावे.

गट क्रमांक व खाते क्रमांक स्पष्ट वाचता येतात याची खात्री करावी. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याची मूळ फाईल जपून ठेवावी. लहान केलेल्या प्रतीत स्वाक्षरी पडताळता येत नाही.