टायटल ब्लॉक आपोआप कसा भरेल?

प्रश्न : सॉलिडवर्क्समध्ये पार्ट नंबर, मटेरियल दर वेळी टायटल ब्लॉकमध्ये हाताने टाइप करावे लागते. पार्टमधली माहिती आपोआप येईल का?
– एक ड्राफ्ट्समन, भोसरी

उत्तर : नक्की येईल. पार्टच्या फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये कस्टम टॅबवर पार्ट नंबर भरा. मटेरियल मात्र टाइप करू नका, मूल्याच्या रकान्यातल्या यादीतून निवडा. म्हणजे पुढे मटेरियल बदलले की तेही बदलेल.

मग ड्रॉइंगच्या शीटवर राइट क्लिक करून ‘एडिट शीट फॉरमॅट’ घ्या, नोटवर डबल क्लिक करा आणि ‘लिंक टू प्रॉपर्टी’ दाबा. गफलत होते ती इथे. ‘करंट डॉक्युमेंट’ निवडले, तर सॉफ्टवेअर ड्रॉइंगच्याच फाइलमध्ये शोधते आणि रकाना कोरा राहतो. ‘मॉडेल फाउंड हिअर’ निवडा. प्रॉपर्टीचे नाव दोन्हीकडे तंतोतंत एकच हवे. कॉन्फिगरेशनला वेगळे मूल्य दिले असेल, तर तेच उमटते.

शेवटी शीट फॉरमॅट आणि टेम्पलेट, दोन्ही सेव्ह करा. जुन्या ड्रॉइंगमध्ये हा बदल आपोआप होत नाही. तिथे शीट प्रॉपर्टीजमधून फॉरमॅट रीलोड करावे लागते.