रामोजीला येताय ना, मग हे ऐक

आधी गाडीचं बोलू, सिनेमाचं नंतर. रात्री अकराला कनेरगाव नाक्यावरून निघायचं, सकाळी आठला रामोजी फिल्म सिटीच्या दारात हजर, दिवसभर हुंदडायचं आणि त्याच रात्री परत. हा तुझा बेत मला अजिबात पटलेला नाही. आपल्या नाक्यापासून तिथवर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर होतात. एका रात्रीत तेवढं जायचं, दुसऱ्या रात्रीत तेवढंच यायचं, आणि मधला अख्खा दिवस ड्रायव्हर पार्किंगमध्ये गाडीच्या काचा खाली करून पडलेला. तो झोपणार कधी? परतताना तुम्ही सगळ्याजणी मागे गाढ झोपलेल्या, आणि पहाटे देगलूरच्या पुढे जागा असलेला एकटाच माणूस, तोही अर्धा जागा. नको गं बाई. मला इथे डोळ्याला डोळा लागायचा नाही.

त्यापेक्षा असं करा. सकाळी सहाला निघा, संध्याकाळपर्यंत माझ्याकडे हैदराबादला, वनस्थलीपुरमला या, जेवा, झोपा. दुसऱ्या दिवशी रामोजी. तिसऱ्या दिवशी उजेडात परत. फिरणं एकाच दिवसाचं, फक्त त्याच्या दोन्ही बाजूंना झोप आहे. दोन दिवस जास्त जातील, पण लॉजचा खर्च नाही, आणि घरी ‘ताईकडे मुक्काम’ एवढं सांगितलंस की अर्धी परवानगी तिथेच मिळते. उरलेली अर्धी मी मिळवून देते. आईशी मी बोलेन. बाबांशी मात्र तू स्वतः बोल. आईच्या मागून निरोप गेला की ते मुद्दाम अडून बसतात, तुला माहीतच आहे.

रस्त्याची काळजी करू नकोस. आपल्या दारावरून जातो तोच अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेडचा १६१ क्रमांकाचा महामार्ग पुढे देगलूरवरून थेट संगारेड्डीला येतो. पण एक गोष्ट ड्रायव्हरला दोनदा बजाव: हैदराबाद शहरात शिरायचं नाही. रामोजी शहराच्या पलीकडच्या अंगाला, विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे. गावातून यायचं म्हटलं तर संध्याकाळच्या गर्दीत दोन-अडीच तास सहज जातात. पटानचेरूजवळ आउटर रिंग रोडवर चढा आणि पेद्दा अंबरपेटला उतरा. तिथून शहराच्या दिशेला वळलात की हयातनगर आणि मग मी, उलट दिशेला वळलात की रामोजी. रिंग रोडला टोल लागतो, लागू दे.

गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. गल्लीतल्या कुणाची तरी पांढऱ्या पाटीची स्वस्तात मिळते म्हणून भुलू नका. राज्याची हद्द ओलांडायची आहे, आणि खाजगी गाडी भाड्याने चालवताना काही झालं तर विमेवाले हात वर करतात. ऑल इंडिया परमिट आहे का, ते कागद बघून विचारा. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता भाड्यात धरलाय की वेगळा, हे निघण्याआधी बोलून घ्या. निघाल्यावर बोलायला गेलं की भांडण होतं, आणि भांडलेल्या माणसाच्या गाडीत पुढचे साडेतीनशे किलोमीटर बसावं लागतं.

आता कितीजणी. तू म्हणालीस, दहा-बारा झाल्या तर माणशी स्वस्त पडेल. पडेल ना. पण बाराजणींमध्ये सतत कुणीतरी बाथरूमला गेलेली असते, कुणीतरी फोटोत अडकलेली असते आणि उरलेल्या उन्हात उभ्या असतात. सहाजणी या. माझ्या हॉलमध्ये सहा गाद्या पडतात हे एक कारण. दुसरं म्हणजे सहाजणी एका टेबलावर बसून जेवतात, एकीचं तोंड उतरलं तर बाकीच्यांना लगेच कळतं. आणि त्या सहांत निदान एक तरी अशी असू दे जिला सिनेमाचं काही कौतुक नाही. पाणी, चप्पल, वेळ या गोष्टी तिच्याच लक्षात राहतात.

पैशांवरून कुणाला कानकोंडं होऊ देऊ नकोस. दिवसभराच्या तिकिटाला माणशी दीड-पावणेदोन हजार धरून चाल. दर बदलतात, पॅकेजंही वेगवेगळी असतात, म्हणून त्यांच्याच संकेतस्थळावर बघून आधी बुकिंग कर. गाडीचं भाडं वेगळं. तुझ्या एका मैत्रिणीला हे जड जाणार आहे, ती तोंडाने म्हणणार नाही, ‘मला बरं नाही’ म्हणून ऐनवेळी गळेल. तिचं तिकीट मी काढते. पण ते तिला सगळ्यांसमोर सांगू नकोस, आणि उपकार म्हणून तर मुळीच नको. ताईने एक तिकीट जास्तीचं काढून ठेवलंय, एवढंच म्हण.

आणि आता ती गोष्ट, जी तू फोनवर घाईघाईने सांगून विषय बदललास. तुमच्यातल्या एकीचा ‘तो’ शहराच्या दुसऱ्या टोकाला, माधापूरला नोकरीला आहे आणि ती या सहलीतून अर्धा दिवस त्याला भेटायला जायचं म्हणतेय. मी काही तिला नावं ठेवणार नाही. त्या वयात मीही नाक्यावरच्या एसटी स्टँडवर मुद्दाम बस चुकवलेली आहे. पण तिच्या घरून तुला फोन आला, ‘आमची कुठंय?’, तर तू काय सांगणार? खोटं तू बोलणार, आणि पुढे उलगडलं की नाव तुझं येणार. तिला सरळ सांग: भेटायचं तर त्यानेच संध्याकाळी माझ्याकडे चहाला यावं, सगळ्यांसमोर बसून बोलावं. खरा असेल तर येईल. आला नाही तर तिलाही काहीतरी कळेल. एकटीने रिंग रोडच्या त्या टोकाला जाणं मात्र माझ्या घरातून होणार नाही. तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये ११२ असू दे. इथे पोलिसांची शी टीम्स म्हणून पथकं आहेत, २०१४ पासून, बायकांच्या तक्रारींसाठीच. गरज पडणार नाही, तरी माहीत असावं.

आता रामोजी. अगं, तिथे जाऊन पोरी हिरमुसतात, आणि त्याचं कारण एकच. त्यांना वाटतं तिथे शूटिंग चाललेलं असेल, कुणीतरी हिरो दिसेल. नाही दिसत. चालू शूटिंग असतं ते वेगळ्या भागात, तिकडे आपल्याला सोडत नाहीत. तू जाणार आहेस ती सिनेमा बनवण्याची जागा बघायला, आणि त्या नजरेने बघितलंस तर संध्याकाळी पायांचे तुकडे पडले तरी बाहेर पडावंसं वाटणार नाही.

१९९६ मध्ये रामोजी रावांनी ही फिल्म सिटी उभी केली. त्याआधीपासून ते ‘ईनाडू’ या तेलुगू दैनिकाचे मालक होते. जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे, सोळाशे एकरांहून जास्त. सोळाशे एकर म्हणजे आपल्याकडचं एखादं गाव शिवारासकट मावेल. माणूस पटकथा घेऊन आला तर त्याला सेट, कॅमेरा, लॅब, हॉटेल सगळं एका कुंपणात मिळावं आणि तो तयार सिनेमा घेऊनच बाहेर पडावा, अशी ती कल्पना. २०२४ च्या जूनमध्ये राव गेले तेव्हा इथे हयातनगरच्या चहाच्या टपऱ्यांवरसुद्धा दिवसभर तोच विषय होता. किती घरांची चूल त्या एका जागेवर पेटते, ते तेव्हा कळलं.

आपल्या मराठी माणसांचीही. ई टीव्ही मराठी आठवतं ना? आपल्या घरी ‘चार दिवस सासूचे’ लागलं की आजी कुणाला उठू द्यायची नाही. ते चॅनेल २००० मध्ये याच रामोजी रावांनी काढलं, आणि त्याच्या मराठी बातम्या मुंबई-पुण्यातून नाही, इथून, रामोजीतून जायच्या. नांदेड-परभणी-लातूरकडची कितीतरी पोरं पत्रकारितेची पहिली नोकरी करायला हयातनगरला खोली घेऊन राहिली. पुढे ते चॅनेल विकलं गेलं, २०१५ मध्ये त्याचं कलर्स मराठी झालं. आणि लातूरच्या रितेश देशमुखचा पहिला चित्रपट, २००३ चा ‘तुझे मेरी कसम’, तोही रामोजी रावांच्याच संस्थेचा. जेनेलियाचाही पहिलाच. म्हणजे महाराष्ट्राच्या त्या लाडक्या जोडीची ओळख या माणसाच्या सिनेमावर झाली. गाडीत हे सांगून बघ, पोरी ओरडतील.

आत गेलात की लाल रंगाच्या बसमधून फिरवतात. गाइड हिंदीत बोलतो, विनोद तेच ते असतात, हसून घ्या. विमानतळ, रेल्वे स्टेशन, तुरुंग, परदेशातली वाटावी अशी गल्ली, पौराणिक मालिकेसाठी उभारलेला भागवतम सेट. माझं ऐकशील तर प्रत्येक इमारतीच्या समोरून फोटो काढून झाला की तिच्या बाजूला जा. समोरून दवाखाना असलेली इमारत दुसऱ्या बाजूने भलतंच काहीतरी असते. दगडी खांबावर टिचकी मार, आत पोकळ वाजेल. प्लास्टर, फायबर, लाकूड, आणि वर रंगवणाऱ्याचा हात. दगडाला शेवाळ कुठे धरेल, पावसाचं पाणी कुठून ओघळून काळा डाग पडेल, हे त्या रंगाऱ्याला माहीत आहे. मी तर तिथे हिरो-हिरोइनीपेक्षा त्या रंगाऱ्याच्या प्रेमात आहे. तुझा हात चित्रात चांगला आहे म्हणून सांगते, हेही एक काम असतं, त्याचे पैसे मिळतात.

‘बाहुबली’चा सेट बघायला सगळे धावतात. २०१५ आणि २०१७ च्या त्या दोन भागांसाठी कलादिग्दर्शक साबू सिरिल यांनी माहिष्मती नगरी उभी केली, त्यातलं बरंच अजून बघायला ठेवलंय. पण पडद्यावर जेवढं उंच वाटलं तेवढं ते नाही, हे आधीच सांगून ठेवते. उरलेली उंची संगणकावर चढवली होती. सेट जिथे संपतो ती रेघ शोधा, त्यातच मजा आहे. दुपारच्या उन्हात तिथे सावली फार नाही, म्हणून सकाळी लवकर किंवा चारनंतर.

आणि मूव्ही मॅजिकचा खेळ चुकवायचा नाही. बाकी काही सुटलं तरी चालेल. तिथे प्रेक्षकांतून एखादीला वर बोलावतात, टांग्यावर बसवतात, हातात लगाम देतात, आणि ती ‘शोले’ची बसंती होते. टांगा जागचा हलतही नाही. मग दुसऱ्या दालनात प्रेक्षकांकडूनच टापांचे वगैरे आवाज काढून घेतात, आणि शेवटी सगळं जोडून पडद्यावर दाखवतात. मागून डाकू येताहेत आणि आपलीच पोरगी टांगा पळवतेय. सिनेमा कसा जोडला जातो हे पुस्तकं वाचून कळणार नाही इतकं त्या थोड्या वेळात कळतं. बोलावलं की हात वर कर. ‘मी नाही बाई’ करत एकमेकींना ढकलत बसलात तर दुसऱ्या ग्रुपची कुणीतरी जाईल.

खाण्याचं काय? बाहेरचं आत नेऊ देत नाहीत, आणि आतलं महाग आहे. म्हणून सकाळी माझ्याकडे पोटभर खाऊन निघायचं. आईला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्यायला सांग, धपाटे मी करते. दुपारी आत एकदाच जेवा, साधी थाळी. नव्या चपला घालू नका, पायात सवयीचं काहीतरी. पाळीच्या तारखा एकमेकींना विचारून दिवस ठरवा, यात लाजायचं काय? आणि तिथली बाथरूमं स्वच्छ असतात, त्यामुळे दिवसभर पाणी न पिण्याचा आपल्या बायकांचा जुना उद्योग तिथे नको.

कधी यायचं, तर सोयाबीन घरात आलं की. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे. पुढे हळदीची काढणी आणि शिजवणी सुरू झाली की तुमच्यातल्या निम्म्यांना घरातून कुणी सोडणार नाही, आणि त्यानंतर ऊन. डिसेंबरच्या शेवटी नाताळाच्या सुट्टीत मात्र नको, तेव्हा मुंगी शिरायला जागा नसते. मंगळवार-बुधवार बघा.

परत जाताना देगलूरजवळ होट्टलला थांबा. चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं देऊळ आहे, महामार्गापासून फार आत नाही. तिथल्या खांबावरही टिचकी मारून बघ.

गाडीवाला ठरला की त्याचा नंबर मला पाठव. त्याच्याही अंथरुणाची सोय करून ठेवते.