बाहेरचे जेवण, घरचे जेवण : कोरियाची नोंद काय सांगते

वस्तीतल्या मुलींच्या मोबाइलवर हल्ली कोरियन मालिका सुरू असतात. बीपी तपासणीच्या शिबिरात आया रांगेत बसतात आणि बाजूला मुली कानात इयरफोन घालून मालिका बघतात. त्यांचा आम्हाला विचारायचा प्रश्न ठरलेला आहे, 'ताई, ती माणसं सारखी हॉटेलात जेवतात, नूडल्स खातात, तरी इतकी बारीक कशी?' आता किराणा दुकानांतही कोरियन नूडल्सची पाकिटे लटकू लागली आहेत. त्यामुळे हा प्रश्न नुसता मालिकेपुरता राहिलेला नाही.

मालिकेतली माणसे म्हणजे कोरिया नव्हे. आपल्या टीव्हीवरची, दागिने घालून झोपणारी सून म्हणजे तरी कुठे आपली वस्ती? खरी कोरियन माणसे काय खातात, कुठे खातात, याची नोंद दक्षिण कोरियाचे सरकारच ठेवते. १९९८ साली तिथे राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणी सुरू झाली आणि २००७ पासून ती दरवर्षी होते. दरवर्षी सुमारे दहा हजार माणसे निवडली जातात. तपासणीची गाडी त्यांच्या भागात येते, वजन, उंची, कंबर, रक्तदाब मोजते, रक्त घेते. मग आहारतज्ज्ञ एकेकाला विचारतात, काल दिवसभरात काय काय खाल्ले? किती वाटी, किती तुकडे, कुठे बसून, कोणी शिजवलेले?

या पाहणीत 'बाहेरचे जेवण' कशाला म्हणतात, ते नीट समजून घेतले पाहिजे. आपण बाहेरचे म्हटले की डोळ्यांसमोर वडापावची गाडी आणि चायनीजचा ठेला येतो. तिथे घरी न शिजवलेले ते सगळे बाहेरचे. हॉटेलातले आलेच, मागवलेले पार्सलही आले, पण कारखान्याच्या कॅन्टीनमधले ताट, शाळेत मिळणारे जेवण, विहारात किंवा चर्चमध्ये वाढलेले जेवणसुद्धा त्यातच मोजतात. म्हणून 'कोरियन माणूस बाहेर जेवतो' याचा अर्थ तो रोज चैन करतो, असा घेऊ नये. त्यातला मोठा भाग दुपारच्या कामावरच्या ताटाचा आहे.

करोनाच्या आधी, २०१९ च्या सुमारास, तिथे तीन माणसांतले एक जण दिवसातून निदान एकदा बाहेरचे जेवत होते. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण चारांत एकाच्या आसपास होते. बायकांपेक्षा पुरुष जास्त, म्हाताऱ्यांपेक्षा विशीपासून चाळिशीपर्यंतचे जास्त, बेकारांपेक्षा नोकरीवाले जास्त, आणि कमी कमाईच्या घरांपेक्षा बऱ्या कमाईच्या घरांतले जास्त. कारणेही उघड आहेत. कामाचे तास लांबलचक, जायला-यायला वेळ, आणि एकट्याने राहणारे लोक वाढलेले. २००० साली शंभरातली पंधरा-सोळा घरे एकट्या माणसाची होती, आता शंभरात चौतीसच्या वर आहेत. एका माणसासाठी भात, रस्सा आणि चार भाज्या कोण रांधत बसणार?

कोरियन भाषेत शिजलेल्या भाताला 'बाप' म्हणतात. हसू नका. जुनी माणसे भेटली की 'बाप खाल्ला का?' असे विचारतात, आपण 'जेवलात का?' म्हणतो तसेच. भात, सोबत रस्सा, आंबवलेली कोबी म्हणजे किमची, आणि छोट्या वाट्यांतून उकडलेल्या-परतलेल्या भाज्या, असे ते जुने ताट. १९७० मध्ये एक माणूस वर्षाला १३६ किलो तांदूळ खात होता. आता तो साधारण ५६ किलोवर आला आहे. भाताची जागा मांस, ब्रेड, नूडल्स, तळलेली कोंबडी आणि कॉफीने घेतली. पाकिटातल्या नूडल्स तर माणशी वर्षाला सत्तरहून जास्त पाकिटे होतात. विशीतली निम्म्याहून अधिक मुले सकाळी काही न खाताच घराबाहेर पडतात.

आता मुलींच्या प्रश्नाकडे येऊ. बारीक? तिथे बीएमआय पंचवीस किंवा त्याहून जास्त झाला की लठ्ठपणा धरतात. उंचीच्या मानाने वजन किती, त्याचे हे माप आहे. आशियाई माणसाला कमी वजनावरच शुगर आणि बीपी गाठतात, म्हणून युरोपपेक्षा ही रेघ खाली ओढली आहे. आपल्याकडचे डॉक्टरही भारतीयांसाठी हीच रेघ सांगतात. या मापाने २०१९ मध्ये कोरियातले शंभरातले बेचाळीस पुरुष लठ्ठ होते. बायकांमध्ये हे प्रमाण त्याहून बरेच कमी, साधारण चारांत एक. मालिकेतला नायक उरलेल्या अठ्ठावन्नांतला आहे, एवढेच.

जे वारंवार बाहेर जेवतात त्यांच्या पोटात उष्मांक जास्त जातात, चरबी जास्त जाते, आणि सोडियम जास्त जाते. पण प्रथिनेही जास्त जातात. म्हणजे नुसते वाईटच असे नाही. २०२० मध्ये करोनामुळे हॉटेले-ऑफिसे ओस पडली. रोज बाहेर जेवणारे तीनांत एकावरून शंभरात अठ्ठावीसवर आले. मग वजने उतरायला हवी होती ना? त्याच वर्षी लठ्ठ पुरुष बेचाळीसवरून अठ्ठेचाळीसवर गेले. चालणे थांबले, घरात बसून खाणे वाढले. तेव्हा सगळा दोष हॉटेलच्या पाटीवर ढकलून चालत नाही.

मिठाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आमच्या मते या सगळ्या नोंदीतून आपल्या घरांनी उचलावी अशी गोष्ट हीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट एक चमचाही नाही, आणि यात वरून घेतलेले, लोणच्यातले, पापडातले, फरसाणातले सगळे आले. पाच ग्रॅम मिठात दोन हजार मिलिग्रॅम सोडियम असते. सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते, नसांवर दाब येतो. वर्षानुवर्षे असे चालले की त्रास मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडाला होतो. माणसाला मात्र काही जाणवत नाही. डोके दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असे समजणारी माणसे आम्ही लकवा मारल्यावर खाटेवर पाहिली आहेत.

कोरियात २०१० च्या सुमारास सरासरी माणसाच्या पोटात दिवसाला सुमारे ४,८०० मिलिग्रॅम सोडियम जात होते, म्हणजे बारा ग्रॅम मीठ. ते येत होते कुठून? घरच्या किमचीतून, सोयाच्या आंबवलेल्या सॉसमधून आणि पेस्टमधून, आणि रश्श्यातून. बाहेर गेले की त्यात भर पडायची ती नूडल्स आणि रस्सेदार पदार्थांची. 'च्याम्पोंग' नावाचा झणझणीत, मासळी घातलेला नूडल्सचा वाडगा तिथे सगळीकडे मिळतो. सरकारने मोजला तेव्हा एका वाडग्यात सुमारे ४,००० मिलिग्रॅम सोडियम निघाले. दोन दिवसांचे मीठ एका बैठकीत! आणि तिथे पोटाच्या कॅन्सरचे प्रमाण जगात वरच्या रांगेत आहे. त्यामागे एका जंतूचा मोठा हात आहे, पण खारवलेल्या अन्नाचाही वाटा मानतात. त्यासाठी सरकार चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी पोटाची तपासणी करते.

२०१२ पासून सरकारने मीठ कमी करण्याची मोहीम हाती घेतली. नुसते 'कमी खा' असे लोकांना सांगून थांबले नाहीत. जिथे मीठ पडते तिथे गेले, म्हणजे पाकिटे बनवणाऱ्या कंपन्या, हॉटेले, शाळा-कारखान्यांची स्वयंपाकघरे. मीठ थोडे-थोडे उतरवले, एकदम नाही. जीभ काही आठवड्यांत नव्या चवीला सरावते, हे आम्हीही बीपीच्या पेशंटांत पाहतो. पहिला आठवडा भाजी पाणचट लागते, महिन्याभराने जुनी भाजी खारट लागते. लोकांना सांगितले ते साधेच होते. रश्श्याची वाटी लहान घ्या, नूडल्स खा पण खालचे पाणी सगळे पिऊ नका. २०१८ पर्यंत सरासरी ३,३०० मिलिग्रॅमच्या खाली आली. अजून जास्तच आहे, पण बारा ग्रॅमवरून आठवर येणे ही लहान गोष्ट नाही, आणि हे घडले तेव्हा बाहेर जेवणारे कमी होत नव्हते, वाढत होते.

हे जमले याचे आणखी एक कारण आहे. तिथे बाहेरच्या जेवणाचा मोठा हिस्सा मोठ्या स्वयंपाकघरांतून येतो आणि शाळेच्या व मोठ्या कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ असावा लागतो, तसा कायदा आहे. पाचशे ताटांचे मीठ एका माणसाच्या हातात असते. तो हात शिकलेला असला की पाचशे घरांचे काम होते. शाळेतल्या जेवणावर तर राजकारण पेटले होते. सगळ्या मुलांना फुकट जेवण द्यायचे की फक्त गरिबांच्या मुलांना, यावर ऑगस्ट २०११ मध्ये सोल शहरात मतदान घेतले. सगळ्यांना देण्याच्या विरोधात असलेल्या महापौरांना हवे तेवढे मतदार फिरकलेच नाहीत, मते मोजलीही गेली नाहीत, आणि महापौरांनी राजीनामा दिला. गरिबांचे म्हणून वेगळ्या रांगेत ताट घ्यायला लागले की पोराच्या मनाला काय वाटते, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

जे बाहेर जेवतच नाहीत ते मग सुखी का? कोरियातले म्हातारे सगळ्यांत कमी बाहेर जेवतात. त्यांचे ताट घरचे असते, पण त्यात भात जास्त आणि डाळ, अंडी, मासे, दूध कमी. श्रीमंत देशांत वृद्धांची गरिबी सर्वांत जास्त कुठे असेल तर दक्षिण कोरियात, दहांतले चार जण गरिबीत. सोलच्या मध्यभागी तापगोल नावाची बाग आहे. तिच्या आसपास फुकट जेवणासाठी म्हाताऱ्यांची रांग लागते. एकट्या म्हाताऱ्याच्या घरी भात आणि किमची, मीठ भरपूर, प्रथिने नाहीत. त्याच्यासाठी रांगेतले ते बाहेरचे ताटच जास्त सकस असते. 'घरचे ते चांगले' हे वाक्य आपणही फार सहज बोलतो. चटणी-भाकरीवर दिवस काढणाऱ्या बाईचे जेवण घरचेच असते.

आपल्या घरांत बाहेर कोण खाते? नाक्यावर उभा राहणारा बिगारी, रात्रपाळीचा वॉचमन, चार घरची धुणीभांडी करून दुपारी वडापावावर भागवणारी ताई, डिलिव्हरीचा पोरगा. कोरियात बाहेर जास्त खाणारा बऱ्या कमाईचा आहे आणि त्याला कॅन्टीनचे ताट आहे. आपल्याकडे जो उन्हातान्हात राबतो त्यालाच वेळ नाही म्हणून तळलेले आणि खारट खावे लागते. म्हणून 'बाहेरचे बंद करा' असा सल्ला आम्ही देत नाही. डबा न्यायला सकाळी साडेचारला उठणारी बाई लागते, आणि तीही कामावर जाते.

त्यापेक्षा कोरियासारखे मोजून पाहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक आठवडा प्रत्येकाने आपल्या तारखेत खूण करावी, बाहेर किती वेळा खाल्ले आणि काय खाल्ले. भाजी-पोळीची थाळी असेल तर गोल, तळलेले किंवा नूडल्स असेल तर फुली. गोल वाढले तर काही बिघडत नाही. फुल्या रोज दिसल्या तर त्यांतल्या दोन बदलता येतात का ते बघावे. वडापावाऐवजी उकडलेली दोन अंडी, भजीऐवजी चणे-शेंगदाणे, पण खारे नव्हेत. वरून मीठ घ्यायची वाटी ताटाजवळून उचलून ठेवावी. लोणचे आणि पापड एकाच जेवणात नकोत.

मुलींसाठी : कोरियन नूडल्सचे पाकीट उलटे करा, मागे सोडियमचा आकडा असतो. तो अनेकदा शंभर ग्रॅमसाठी दिलेला असतो, म्हणून पाकिटाचे वजनही बघा. कित्येक पाकिटांत एका वेळच्या खाण्यात हजार मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघते. आकड्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. खायचेच झाले तर मसाल्याची पुडी अर्धी टाका, पाणी ओतून द्या, आणि कोबी, गाजर, अंडे घाला. लहान भावंडांना त्यातले देऊ नका.

ज्यांना बीपीची गोळी सुरू आहे त्यांनी मीठ कमी केले म्हणून गोळी स्वतःच्या मनाने सोडू नये. बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळते, त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पुढच्या तपासणीला येताना कॅलेंडरचे ते पान फाडून सोबत आणा. पगाराच्या दिवशीची बिर्याणीसुद्धा त्यात लिहा, आम्ही रागावणार नाही.