‘शोध’ आणि ‘साठा’ : घट्ट खडकातील वायूच्या निमित्ताने

मराठीत ‘शोध घेतला’ आणि ‘शोध लागला’ यांतील भेद केवळ क्रियापदाचा, नाम एकच. तमिळमध्ये शोध लागण्याला ‘कण्डुपिडिप्पु’ म्हणतात : ‘कण्डु’ म्हणजे पाहून, ‘पिडि’ म्हणजे पकडणे. चेन्नईतील वास्तव्यात हा शब्द वारंवार कानी पडला, आणि भूगर्भवायूविषयीचे आपले मराठी तपासून पाहावेसे वाटले. घट्ट खडकातील वायू दिसणे आणि हाती येणे यांत कित्येक वर्षे जातात.

१९७४ साली मुंबई हाय येथे तेल लागले, १९७६ मध्ये उत्पादनही सुरू झाले. ‘सापडले म्हणजे मिळाले’ ही मराठी वाचकाची समजूत बहुधा तेथूनच दृढ झाली असावी. घट्ट वालुकाश्माची गोष्ट निराळी. त्याची पार्यता साधारणतः ०.१ मिलिडार्सीहूनही कमी. छिद्रांत वायू असतो, पण विहिरीकडे पुरेसा वाहत नाही. प्रचंड दाबाने द्रव सोडून खडक तडकवावा लागतो. त्यानंतर पहिल्या दिवसांत दिसणारा प्रवाह फसवा असतो, कारण तो मुख्यतः भेगांलगतचा वायू होय. तो किती वेगाने ओसरतो व कोठे स्थिरावतो, यावर विहिरीचा खर्च निघणार की नाही हे ठरते. म्हणूनच उत्पादन-वाटणी करारांत ‘शोध’ आणि ‘व्यापारी शोध’ या वेगळ्या पायऱ्या मानल्या आहेत.

चेन्नईच्या उत्तरेस, काकिनाड्यासमोरच्या समुद्रातील दीनदयाळ क्षेत्र हे याचे बोलके उदाहरण. जून २००५ मध्ये गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाच्या शोधाची घोषणा झाली ती २० लाख कोटी घनफुटांच्या आकड्यासह. खडक घट्ट, तापमान व दाब अतिउच्च. सरकारी कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला, उत्पादन अपेक्षेच्या जवळपासही पोहोचले नाही, आणि २०१७ मध्ये ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने घेतला.

तो आकडा कशाचा? ‘साठा’ म्हटले की कोठीतले धान्य डोळ्यांपुढे येते, हवे तेव्हा काढावे असे. शास्त्रात मात्र राशी तीन : खडकात असलेला वायू, तंत्राने काढता येण्याजोगा वायू, आणि चालू दराने काढणे परवडेल असा वायू. ‘साठा’ हा शब्द केवळ तिसऱ्यासाठी राखावा. पहिल्यास ‘भूगत वायू’, दुसऱ्यास ‘निष्कर्षणक्षम वायू’ म्हणावे, असे मी सुचवितो. तिसरी राशी मोठी विलक्षण आहे. खडक तोच, विहीर तीच. पण बाजारात वायूचा दर उतरला की साठा घटतो, चढला की वाढतो. कोठीतल्या धान्याचे असे कधी होत नाही.