सुटींतील सेवायात्रा : मार्काच्या चरित्रावरून एक पाठ



सुटी लागली कीं शिक्षकांबरोबर आठ-दहा दिवस खेड्यांत सेवेसाठीं जाण्याचा बेत पुष्कळ ख्रिस्ती शाळांत होतो. मुलांस ही यात्रा आवडते. आईबापांस मात्र काळजी वाटते, आणि ती वाजवी आहे. कोंवळ्या वयांत अशा कामावर न्यावें काय, व न्यावयाचें तर कसें, हें समजण्यासाठीं पवित्र शास्त्रांतील एका तरुणाचें चरित्र पाहूं.

योहान मार्क हा यरुशलेमेंतील मरिया नामक बाईचा मुलगा. तिच्या घरीं मंडळी प्रार्थनेस जमे, व दार उघडण्यास रुदा नांवाची मुलगी होती. यावरून घर खाऊन-पिऊन सुखी असावें. इ. स. ४६ ते ४८ च्या सुमारास पौल व बर्णबा पहिल्या यात्रेस निघाले, तेव्हां मार्क मदतनीस म्हणून त्यांच्याबरोबर होता. कुप्र बेटावर सलमीनीपासून पफेपर्यंतचा प्रवास झाला. परंतु समुद्र ओलांडून पंफुल्यांतील पिर्गा येथें येतांच मार्क त्यांस सोडून घरीं परतला. कारण शास्त्रांत दिलेलें नाहीं. पुढच्या यात्रेच्या वेळीं त्याला पुन्हां न्यावें असें बर्णबास वाटलें. पौलास तें रुचलें नाहीं. वाद इतका विकोपास गेला कीं ते दोघे विभक्त झाले.

यांत चुकलें कोणाचें? पौलाचें म्हणणें असें कीं, संकटाच्या वाटेवर सोबती भरंवशाचा हवा. तें खरें आहे. म्हणून यात्रेस मुलें निवडून न्यावींत, महिनाभर आधीं तयारी करून घ्यावी, व प्रत्येकास काम नेमून द्यावें. मार्क मदतनीस होता, वक्ता नव्हता. ज्यास पाणी भरतां येतें, आजाऱ्याजवळ बसतां येतें, लहानग्यांस अक्षरें गिरवून देतां येतात, त्यानें तेंच करावें.

बर्णबाचें म्हणणेंही खरेंच. तो मार्कास घेऊन कोठें गेला? पुन्हां कुप्रासच. तें बर्णबाचें मूळ स्थान, व मार्काची एकवार तुडवलेली वाट. खचलेल्या मुलास नव्या संकटांत न ढकलतां ओळखीच्या वाटेनें पुन्हां चालविणें, हें थोर शिक्षकाचें लक्षण होय. याचें फळ तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत दिसतें : मार्क सेवेस उपयोगी आहे, त्यास घेऊन ये, असा निरोप तेथें आहे.

परंपरेनें याच मार्काच्या नांवें असलेल्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत प्रभूनें बारा शिष्यांस पाठविल्याची हकीकत आहे. दोघादोघांनीं जावें, शिदोरी व पैसा घेऊं नये, एकाच घरीं राहावें. आणि परत आल्यावर सर्व सांगून एकांतीं विसावा घ्यावा. आमच्या खेड्यांत याचा अर्थ असा कीं, मुलांनीं पाहुणचाराचा बोजा गरिबावर टाकूं नये, मिळेल ती भाकरी आनंदानें खावी, सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याचा वेळ मोडूं नये. औषधाची पुडी किंवा वही-पेन्सिल देऊन कोणाची श्रद्धा विकत घेण्याचा विचारही मनांत आणूं नये. आणि जें पुढें पाळवणार नाहीं असें वचन गांवकऱ्यांस देऊं नये. आपण दहा दिवसांनीं निघून येतों, वचन मात्र तेथेंच राहतें.

सन १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतलेले रे. नारायण वामन टिळक यांनीं भजन-कीर्तनाची देशी वाट धरली. लोकांच्या अंगणांत त्यांच्याच भाषेंत बसावें, हें त्यांपासून शिकण्याजोगें आहे. म्हणून बोलण्याआधीं ऐकावें.

पालकहो, तुमचा मुलगा अर्ध्या वाटेवरून परत आला तर त्यास हिणवूं नका. आणि मुलांनो, परत आल्यावर आईच्या हातची घागर उचलावीशी वाटली, तर यात्रा सफळ झाली असें समजा; परगांवीं केलेली सेवा घरीं दिसली नाहीं, तर ती सहलच होती.